अक्षरकाकांची जाड अक्षरं

तिला ऑफिसात सगळे मुकादमीण म्हणायचे. बाप रस्त्याच्या कामावर मुकादम होता. खडी, डांबर आणि माणसं एकाच आवाजात हाकायचा. पोरगी शिकली आणि कॉम्प्युटरला हाकायला लागली, एवढाच फरक, असं ती स्वतःच सांगायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. "आमच्या घरात दोघांचंही आयुष्य वरून खाली आणि खालून वर," असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि हा विनोद त्याला दर वेळी नव्यानं सुचल्यासारखा वाटायचा.

ऑफिस म्हणजे टायलींच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली कटर सुरू झाला की वर टेबलावरच्या पेन्सिली थरथरायच्या. काम अक्षरं बनवायचं. कॉम्प्युटरवर दिसणारं प्रत्येक अक्षर कुणीतरी बसून काढलेलं असतं हे निम्म्या जगाला माहीत नसतं. गवतासारखी उगवतात असं वाटतं लोकांना. इथे ती काढली जायची, आणि काढलेल्या रेघांचा कॉम्प्युटरला चालेल असा फॉन्ट बांधायचं काम मुकादमिणीचं.

एकाच वळणाच्या अक्षरांची तीन भावंडं असतात: बारीक, मध्यम आणि जाड. प्रत्येकाला आपापला फोल्डर. बांधायचं काम मेक नावाचा जुना, कमी बोलणारा प्रोग्राम करायचा. कशापासून काय करायचं, आधी काय, मग काय, हे मेकफाइल नावाच्या फाइलीत लिहून त्याच्यापुढे ठेवायचं. मोठ्या कामाला एक मेकफाइल पुरत नाही. मग सगळ्यांत वर एक, आणि प्रत्येक फोल्डरात आणखी एकेक. वरचा मेक एकेका फोल्डरात शिरतो, तिथे दुसरा मेक उभा करतो, आणि त्याला सांगतो की इथलं तुझं तू बघ.

तुम्ही बोलायचं फक्त वरच्याशी. हुकुमाबरोबर अट घालायची तर तीही त्यालाच. डॅश जे म्हटलं की 'एकेक करत बसू नकोस, चार कामं बरोबरीनं काढ'. डॅश के म्हटलं की 'एका जागी अडलं तरी बाकीचं उरक'. आणि डॅश एन म्हटलं की 'कशाला हात लावू नकोस, काय करणार आहेस ते नुसतं बोलून दाखव'. ही अट वरचा मेक एका डबीत घालतो. डबीचं नाव मेकफ्लॅग्ज. खालच्या प्रत्येकाच्या हाती ती आपोआप पोचते. त्यासाठी कुणी धावपळ करायची नाही.

आता झालं होतं काय, की जाडच्या फोल्डरापुरती ही डबी मुकादमिणीनं रिकामी करून टाकली होती. त्यालाही कारण होतं. जाड अक्षर मशीनच करायचं. बारीक अक्षराच्या रेघा फुगवायच्या, की झालं जाड. पण वरून डॅश जे आला की तिथे दोन कामं एकाच कच्च्या फाइलीवर एकदम तुटून पडायची आणि 'क'च्या पोटात 'ळ' घुसलेला असायचा. घरी पाहुणे आणि मालक ऑफिसच्या दारात उभा, असं चाललेलं त्या दिवशी. खरं दुखणं शोधायला वेळ कुणाला? तिनं वरच्या मेकफाइलीत जाडच्या ओळीवर मेकफ्लॅग्ज कोरं करून टाकलं. म्हणजे वरून काहीही अट येवो, जाडच्या मेकला ती कळायचीच नाही. तो आपला एकेक काम मुकाट्यानं करत बसायचा. त्या ओळीच्या डोक्यावर 'हे असं का केलं' म्हणून दोन शब्द टाकावेत हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. तेवढ्यात चहा आला आणि ते राहिलं ते राहिलंच.

मग अक्षरकाका आले.

काका मूळचे पाट्या रंगवणारे. पुढे छापखान्यासाठी अक्षरं काढायला लागले आणि म्हातारपणी या ऑफिसात. मालकाला ते 'अरे' म्हणायचे, मालक त्यांना 'काका'. त्यांच्या डोळ्यांना असा रोग लागला होता की जिथे बघावं तिथेच मधोमध डाग. कडेचं सगळं दिसायचं. म्हणून ते कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान वाकडी करून बघायचे. धाकटी बहीण त्यांना जिन्यापर्यंत आणून सोडायची आणि खालूनच ओरडून सांगायची, "सांभाळ गं याला. स्वतःला गरुड समजतो."

कमी दिसणाऱ्यांसाठी पुस्तकं काढणाऱ्या एका वाचनालयाला जाड अक्षर हवं होतं. काका म्हणाले, हे मी करणार. मशीननं फुगवलेलं अक्षर त्यांनी भिंगातून बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे अक्षर नाही, सूज आहे."

"काय झालं काका?"

"ही गाठ बघ 'भ'ची. आतलं पांढरं बुजलं. आता हा 'भ' आणि 'म' माझ्यासारख्या आंधळ्यानं ओळखायचा कसा? 'ध' आणि 'घ'चं तेच. अगं, जाड करायचं म्हणजे काळं वाढवायचं नसतं नुसतं. आतलं पांढरं जागं ठेवायचं असतं."

त्या हिवाळाभर काका मोठ्या पडद्यासमोर बसले. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात पडद्यावर रेघ ओढायची पेन्सिल. एकेक अक्षराचं पोट उघडत होते. पहिल्याच दिवशी मुकादमिणीनं बघितलं आणि ती खुर्चीवरून उठली.

"काका, तुम्ही कुठे करताय हे? हा तर जाडच्या आतला तयार मालाचा फोल्डर आहे. इथलं सगळं मशीन काढतं आणि पुसून पुन्हा काढतं. मूळ फाइलीत करा."

"मूळ फाइलीत बारीक अक्षर आहे. जाड आहे का तिथे?"

"नाही, पण..."

"मग नसलेल्या अक्षराचं पोट मी कसं उघडू? तू उघडून दाखव, मी बघतो. कडेनं."

बोलणं खरं होतं. त्यांच्यासाठी वेगळी जागा करायची, मेकफाइलीत तशी वाट काढायची, म्हणजे चांगलं दोन दिवसांचं काम होतं. ती म्हणाली, "बरं, करा तुम्ही. मी नंतर हलवते." दुपारी डबा उघडला की काका तिच्याशेजारी येऊन बसायचे आणि आज कुठल्या अक्षरानं त्रास दिला ते सांगायचे. 'ह' म्हणजे आळशी, कुठेही लोळतो. 'क्ष' म्हणजे भांडखोर जावा एका खोलीत. ती हसायची, ऐकायची. नंतर हलवायचं ते नंतरवरच राहिलं. रोज रात्री मशीन सगळ्या फायलींची नक्कल काढून ठेवायचं, पण तयार मालाचा फोल्डर त्यातून वगळलेला होता. तिनंच वगळलेला. पुन्हा काढता येतो त्याची नक्कल कशाला, हा हिशोब सगळीकडे असाच असतो आणि त्यात चूक काही नाही.

वसंत लागला, काकांचं काम संपलं. डोळे त्याच्याही आधी संपत आले होते. शेवटी शेवटी ताटात काय वाढलंय ते बहिणीला विचारायला लागायचं. पण काम झालं होतं, आणि काका जिना उतरताना एकेका पायरीला म्हणत होते, "झालं. झालं. झालं."

वाचनालयाला माल द्यायचा म्हणजे सगळं जुनं पुसून कोरं बांधायला हवं. मुकादमीण निष्काळजी बाई नव्हती. पुसायच्या आधी नक्की काय काय पुसलं जाणार आहे ते बघावं, आणि काकांच्या फायली त्यातून उचलून बाजूला ठेवाव्यात, म्हणून तिनं वरच्या मेकला सांगितलं: साफ कर, पण डॅश एन. म्हणजे करू नकोस, नुसतं बोलून दाखव.

पडद्यावर ओळी उतरल्या. बारीकमध्ये हे पुसणार, मध्यममध्ये हे पुसणार, जाडमध्ये हे पुसणार. गंमत अशी की मेक खरंच पुसत असला तरी तीच ओळ दाखवतो आणि नुसतं बोलत असला तरी तीच. बारीकनं सांगितलेलं ऐकलं होतं. मध्यमनं ऐकलं होतं. दुसरा मेक उभा करायची ओळ असली की डॅश एनमध्येही वरचा ती चालवतोच, कारण आतला काय बोलतो ते ऐकायचं असतं. तसा जाडचा मेकही उभा राहिला. पण त्याच्या हातातली डबी कोरी. त्याला कुणी 'नुसतं बोल' म्हटलेलंच नव्हतं. तो बोलला, आणि त्यानं केलंही.

तिनं ओळी नीट वाचल्या. बरं झालं आधी बघितलं, असं मनाशी म्हणालीसुद्धा. मग काकांच्या फायली उचलायला जाडच्या तयार मालाच्या फोल्डरात गेली, आणि तो रिकामा होता.

आधी तिला वाटलं चुकीच्या फोल्डरात आलेय. मग वाटलं पडदा ताजा व्हायचाय. मग तिनं वरची मेकफाइल उघडली, जाडची ओळ बघितली, आणि काय झालं ते तिला कळलं. पुसलेलं परत काढून देणाऱ्या माणसाला बोलावलं. त्यानं डिस्क नेली, आठवडाभर ठेवली, आणि परत आणून देताना तिच्याकडे न बघता मालकाशी बोलला. थोडे तुकडे निघाले होते. एका अक्षराची शेंडी, एकाचा काना.

मालक वाईट माणूस नव्हता. तो खिडकीत उभा राहिला, खाली उतरणाऱ्या टायलींकडे बघत राहिला, मग म्हणाला, "मशीनचंच जाऊ दे."

"काकांचं नाव आहे त्यावर."

"असू दे की. काढायला लावू का पुन्हा? त्यांना दिसतं का आता?"

"नाही."

"मग? वाचनालयाला काय कळतंय. तारीख देऊन बसलोय बाई. पुढच्या वेळी बघू."

तिनं मशीनचं जाड अक्षर बांधायला घेतलं. घरी नवऱ्याला सांगितलं. तो हातातल्या पान्याला तेल लावत होता.

"काकांना सांगितलंस?"

"काम हातावेगळं होऊ दे. मग सांगते निवांत."

"लिफ्ट अडकली ना, की आतल्या माणसाला आधी ओरडून सांगायचं असतं की अडकलीय. दुरुस्ती मागाहून. नाही सांगितलं तर तो आत भलतंच समजून बसतो."

"तुझी लिफ्ट पुरे झाली."

"बरं," म्हणाला, आणि पुन्हा पान्याला लागला.

पुस्तक छापून आलं. काकांना द्यायची पहिली प्रत मालकानं तिच्याच हाती दिली. तिनं वाटेत ठरवलं होतं: आधी पुस्तक द्यायचं, मग लगेच सांगायचं. काकांचं घर दोन गल्ल्या पलीकडे, तळमजला, पुढच्या खोलीला एक खिडकी आणि खिडकीत काकांची खुर्ची. त्यांनी पुस्तकाचा आधी वास घेतला. मग भिंग काढलं, मान वाकडी केली, पान डोळ्याला जवळजवळ चिकटवलं. एक पान. मग दुसरं. मग मधलंच एक.

"हा 'भ' आहे का 'म'?"

तिनं वाकून बघितलं. "'भ' आहे."

"हं."

भिंग आणखी थोडं फिरलं. काकांचा चेहरा हळूहळू असा झाला, जसा खिशातलं पाकीट चाचपताना होतो.

"हे मी केलं?"

हीच ती वेळ होती. तिच्या तोंडात शब्द तयार होते, आणि तिनं म्हटलं, "काका, छपाईत शाई जरा जास्त पसरलीय."

"शाईला कशाला बदनाम करतेस?" काकांनी पुस्तक मिटलं. "म्हणजे तेव्हाच मला दिसत नव्हतं. अख्खा हिवाळा मला वाटत होतं की मी पांढरं उघडतोय. आणि मी नुसतं भिंग धरून बसलो होतो. तुम्ही बघत होतात सगळे. कुणी बोलला नाहीत."

"काका, तसं नाहीये..."

"बस. चहा घे. उगाच वाईट वाटून घेऊ नकोस. म्हातारा माणूस, कामात गुंतलाय तर गुंतू दे, असंच म्हणाला असाल तुम्ही. मीही तेच केलं असतं."

बहीण चहा घेऊन आली. ती आली म्हणून मुकादमीण गप्प बसली, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. पण बहीण कप ठेवून आत गेली होती आणि चांगला वेळ आतच होती. चहा गार होऊन त्यावर साय आली होती.

पुढे उन्हाळ्यात बहिणीचा फोन आला. आवाजात नेहमीची सुरी नव्हती.

"त्यानं ब्रश देऊन टाकले गं. पाट्यांपासूनचे. गल्लीतल्या रंगाऱ्याला बोलावून दिले. भिंग नको म्हणतो. आणि विचारत बसतो. हा सदरा धुतलेला आहे का? आहे, म्हटलं. परत विचारतो, नक्की? अरे, तूच तर बघितलास ना आत्ता, तर म्हणतो, माझ्या बघण्याचं मला सांगू नकोस. दाढी सोडलीय. केली तर कुठे राहिलीय ते मला कळणार नाही, म्हणतो. तुझं ऐकायचा तो. ये एकदा."

ती गेली. या वेळी दारातच, चपला काढता काढता सुरुवात केली. सगळं सांगितलं. डबी कोरी केली ते, तयार मालाचा फोल्डर, हलवते म्हटलं आणि हलवलं नाही ते, डॅश एन, रिकामा फोल्डर, मालक काय म्हणाला आणि आपण काय म्हणालो नाही ते. काका खिडकीत बसून ऐकत होते. मध्ये एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला, तिचा हात सापडेपर्यंत हवेत चाचपला, आणि थोपटला.

"छान रचलंस पोरी."

"रचलं नाही हो काका! खरं आहे."

"नाही, ऐक. त्या मेकला तू म्हणालीस करू नकोस, नुसतं बोल. सगळ्यांनी ऐकलं, आणि न ऐकणारा नेमका माझ्याच फोल्डरात?"

"हो."

"आणि रोज सगळ्याची नक्कल निघते, ती नेमकी माझ्याच कामाची नाही."

"हो, काका."

"आणि पुस्तक दिलंस त्या दिवशी तुला हे आठवलं नाही. हिनं फोन केल्यावर आठवलं."

याला जे उत्तर होतं तेही त्यांच्याच बाजूचं होतं. 

"मी ती ओळ दाखवते तुम्हाला. मेकफाइलीतली. छापून आणते मोठी."

"मला दाखवतेस?" काका हसले. हसण्यात कडूपणा नव्हता, हेच वाईट. "कुणाला विचारू काय लिहिलंय ते? हिला? ही तुझ्याच बाजूची. मालकाला घेऊन येशील, तोही मान हलवेल. चांगली माणसं आहात तुम्ही. पण आता मला झोपवायला गोष्टी नका सांगू."

दाराबाहेरच्या पायरीवर बहिणीनं तिला गाठलं.

"मला पटलं तुझं," ती म्हणाली. "इतकं वेडंवाकडं कुणी मुद्दाम रचत नाही. पण मला पटून काय करू? त्या दिवशी पुस्तक हातात देताना बोलली असतीस ना, तर मी तुला या दारात उभी केली नसती. पण त्याला खरं वाटलं असतं. तेव्हा तू चूक कबूल करणारी होतीस. आता तू समजूत घालणारी आहेस. जा."

मुकादमिणीनं जाडची ओळ दुरुस्त केली. एकाच कच्च्या फाइलीवर दोन कामं तुटून पडायची ते मूळ दुखणं शोधलं, आणि ते इतकं साधं निघालं की तिनं कीबोर्ड पुढे ढकलला आणि नुसती बसून राहिली. डबी आता सगळीकडे पोचते. दुसऱ्या छपाईसाठी तिनं मालकाकडून मुदत मागून घेतली, या वेळी टेबलावर हात ठेवून. हातानं केलेल्या दुरुस्त्यांना वेगळी जागा केली, आणि स्वतः मोठ्या पडद्यापुढे बसली. तिनं हे काम कधी केलेलं नव्हतं. शेजारी बसून ऐकलं होतं तेवढंच.

थोडं जमल्यावर ती पुन्हा काकांकडे गेली. काही सांगायला नाही, मागायला.

"काका, मी 'भ'ची गाठ उघडतेय. किती उघडायची कळत नाही. जास्त झाली की अक्षर फाटतं. तुम्ही नुसते येऊन बसा. मी बोलते कसं दिसतंय ते, तुम्ही सांगा आणखी का बस."

काकांनी खुर्चीचे हात चाचपून धरले. तिला वाटलं, येतील.

"मी सांगेन आणखी," ते म्हणाले, "आणि ते बरोबर आहे हे तुला कोण सांगणार?"

"तुम्ही."

"तेच तर म्हणतोय मी."

बहिणीनं आतून विचारलं चहा टाकू का. मुकादमीण नको म्हणाली आणि ऑफिसला परत आली. खाली कटर चालू होता. तिनं 'भ' उघडला, गाठीतलं पांढरं केसभर मोठं केलं, मागे सरकून बघितलं, पुन्हा केसभर लहान केलं. मग डोळे बारीक करून बघितलं, मग मान वाकडी करून. तसं बघितल्यावर काही कळतं का ते तिला कळलं नाही. तिनं अंदाजानं त्यातला एक 'भ' ठेवला आणि 'म' उघडला.